पॅक-१२: पाटी तीच, शेजारी नवे

मागच्या अंकात ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या २०२५ च्या अमेरिकन फुटबॉल सीझनबद्दल लिहिलं होतं. बारा सामन्यांत दोन विजय आणि ऑक्टोबरमध्येच कोचची गच्छंती, असा तो सीझन. त्यावर आलेल्या पत्रांत हार-जितीबद्दल थोडं आणि कॉन्फरन्सबद्दल खूप विचारलेलं आहे, म्हणून या वेळचं सदर त्याच प्रश्नांना दिलं आहे. मी ओरेगन स्टेटच्या गावी, कोर्व्हॅलिसला, राहते आणि सामन्याच्या शनिवारी संघाचा नारंगी रंग घालते. तेव्हा मी तटस्थ नाही, हे वाचताना लक्षात असू द्या.

प्रश्न: २०२३ मध्ये पॅक-१२ संपली अशी बातमी सगळीकडे होती. आता १ जुलै २०२६ पासून पॅक-१२ मध्ये आठ संघ फुटबॉल खेळणार म्हणे. ही तीच संस्था, की नुसतं नाव उचललंय? आणि मुळात ती मोडली कुणामुळे?
– एक वाचक, रेडमंड, वॉशिंग्टन

उत्तर: तीच संस्था आहे. रिकामी झाली होती, बंद पडली नव्हती.

ज्यांना या प्रकाराची सवय नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. आपापसात ठरलेले सामने खेळायचे, टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे आणि आलेले पैसे वाटून घ्यायचे. पश्चिम किनाऱ्यावरचा हा गट १९१५ साली चार विद्यापीठांनी सुरू केला, त्यातलं एक ओरेगन स्टेट. वॉशिंग्टन स्टेट १९१७ मध्ये आलं. पुढे १९५९ मध्ये, खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याच्या प्रकरणानंतर, हा गट एकदा मोडलाही. मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांनी लगेच नवा गट केला. वॉशिंग्टन स्टेटला त्यात १९६२ मध्ये जागा मिळाली, ओरेगन स्टेटला १९६४ मध्ये. लहान गावांतल्या या दोन विद्यापीठांना दाराबाहेर उभं राहायची वेळ आली ती २०२३ मध्ये पहिल्यांदा नव्हे. आमच्या गावातल्या जुन्या लोकांना हे चांगलं आठवतं.

आता मोडली कुणामुळे. लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी ३० जून २०२२ रोजी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं जाहीर केलं, तिथून बातम्या सुरू होतात. माझ्या मते घसरण दहा वर्षं आधीच सुरू झाली होती. २०१२ मध्ये कॉन्फरन्सने स्वतःची टीव्ही वाहिनी काढली. मालकी शंभर टक्के आपलीच ठेवायची, भागीदार नको, असा बेत होता. कागदावर तो छान दिसत होता. पण डायरेक्टटीव्हीसारख्या मोठ्या सॅटेलाइट कंपनीशी करार कधी जमलाच नाही आणि लाखो घरांत ती वाहिनी दिसलीच नाही. बिग टेन आणि एसईसी (दक्षिणेतल्या विद्यापीठांची कॉन्फरन्स) यांनी मोठ्या कंपन्यांना भागीदार करून आपल्या वाहिन्या घराघरांत नेल्या. दरवर्षी प्रत्येक विद्यापीठाच्या वाट्याला येणाऱ्या रकमेतली तफावत वाढत गेली, आणि लॉस एंजेलिसमधल्या दोन विद्यापीठांना ती सगळ्यांत आधी खुपली.

ते दोघे गेल्यावरही दहा विद्यापीठं उरली होती. तेव्हा घाई करायला हवी होती. बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सचा टीव्ही करार आपल्या करारापेक्षा एक वर्ष उशिरा संपणार होता. तरी त्यांनी रांग मोडली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सबरोबर प्रत्येक विद्यापीठामागे वर्षाला ३ कोटी १७ लाख डॉलर सरासरीचा करार करून टाकला. बाजारातला पैसा असा आधीच उचलला गेला. पॅक-१२ बोलणीच करत राहिली. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो गेलं. १ ऑगस्टला ॲपलचा प्रस्ताव पुढे आला. त्यात सामने स्ट्रीमिंगवर दिसणार होते, आणि पैसे किती मिळणार हे बरंचसं वर्गणीदार किती होतात यावर ठरणार होतं. ४ ऑगस्टच्या शुक्रवारी ओरेगन आणि वॉशिंग्टन (नावात 'स्टेट' नसलेली, वेगळी विद्यापीठं) बिग टेनमध्ये गेले, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग १२ मध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅल यांना एसीसीने, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्सने, घेतलं. राहिले कोर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट.

त्या दोघांनी एक गोष्ट फार चांगली केली, ते कोर्टात गेले. नियम असा होता की बाहेर पडायची नोटीस देणाऱ्याने संचालक मंडळावरची जागा गमवावी. यूएससी आणि यूसीएलए यांना हाच नियम लावून मंडळावरून काढलं होतं. मग बाकीच्यांना तो का नको? नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिटमन काउंटीच्या न्यायाधीशांनी हे म्हणणं मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. नाव, तिजोरी आणि येणी दोघांच्या हाती आली. पुढच्या तडजोडीत जाणाऱ्या दहांनी मिळून साडेसहा कोटी डॉलर सोडले. आज जे काही उभं राहतंय ते त्या निकालावर.

प्रश्न: आमची मुलगी बर्कलीला शिकते. तिच्या होस्टेलमधल्या खेळाडू मुली सारख्या पूर्व किनाऱ्यावर जात असतात. कॅलिफोर्नियातलं विद्यापीठ अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये असण्यात कुणाचा फायदा आहे?
– एक आई, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर: फुटबॉलचा थोडा फायदा आहे, बाकी खेळांचा मला तरी दिसत नाही.

फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा खेळतो, तोही बहुधा शनिवारी, आणि सीझनमधले परगावचे सामने पाच-सहाच असतात. व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल, टेनिस खेळणाऱ्या मुलींना मात्र आठवड्याच्या मधल्या वारी उठावं लागतं. बॉस्टन किंवा मायामीला जाऊन परतायचं म्हणजे तीन तासांचा वेळेचा फरक दोनदा सोसायचा आणि सकाळच्या लेक्चरला बसायचं. फुटबॉलच्या टीव्ही करारासाठी केलेल्या व्यवहाराची किंमत या मुली भरतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. या साऱ्या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त राग येतो तो याच गोष्टीचा.

शिवाय पैसेही पुरते मिळत नाहीत. स्टॅनफर्ड आणि कॅल यांनी एसीसीत प्रवेश मिळवण्यासाठी पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला फक्त ३० टक्के वाटा घ्यायचं कबूल केलं. त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं काहीच न घ्यायचं मान्य केलं. कॅलचं नुकसान इतकं उघड होतं की कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, यूसीएलएला दरवर्षी एक कोटी डॉलर कॅलला द्यायला लावले. दोन्ही विद्यापीठं एकाच छत्राखालची, म्हणून हे करता आलं.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. ओरेगन स्टेटचा बेसबॉल संघ तीनदा राष्ट्रीय विजेता झालेला आहे. २०२५ मध्ये त्याला कॉन्फरन्सच नव्हती. ठरलेले प्रतिस्पर्धी नाहीत, म्हणून जो खेळायला तयार होईल त्याच्या गावी जाऊन खेळायचं, असं वर्ष त्यांनी काढलं आणि तरीही ओमाहापर्यंत, म्हणजे देशातल्या शेवटच्या आठांत, पोचले. खेळाडू काय करू शकतात हे त्यातून दिसतं. म्हणून दरवर्षी त्यांना असं फिरवावं असं नाही.

प्रश्न: गॉन्झॅगाला फुटबॉल संघच नाही. मग पॅक-१२ ने त्यांना कशाला घेतलं?
– एक वाचक, स्पोकेन, वॉशिंग्टन

उत्तर: बास्केटबॉलसाठी. तुमच्या गावच्या या संघामुळे कॉन्फरन्सला हिवाळ्यातही टीव्हीवर काहीतरी मोठं दाखवता येतं. पुलमन तुमच्याहून दीड तासावर आहे, म्हणजे अंतराच्या हिशेबानेही ही निवड शहाणपणाची. या सगळ्या घडामोडीतला मला पूर्ण पटलेला निर्णय हाच.

प्रश्न: आम्ही बॉइसीचे. आमचा संघ पॅक-१२ मध्ये जातोय याचा आनंद आहे. पण लॅरमीला राहणारे आमचे मित्र म्हणतात, "तुमच्याशी जे झालं म्हणून रडत होतात, तेच तुम्ही आमच्याशी केलंत." त्यांना काय उत्तर द्यायचं?
– एक कुटुंब, बॉइसी, आयडाहो

उत्तर: त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे हे आधी कबूल करा. 'तुमच्याशी' म्हणजे आमच्याशी, कोर्व्हॅलिस आणि पुलमनशी. म्हणून हे उत्तर द्यायची जबाबदारी माझी जास्त आहे.

घटनाक्रम असा. २०२४ च्या सीझनसाठी दोघांकडे सामने नव्हते तेव्हा शेजारच्या माउंटन वेस्ट कॉन्फरन्सने मदत केली. प्रत्येकी सहा सामने दिले, त्यासाठी १ कोटी ४० लाख डॉलर घेतले. करारात एक कलमही घातलं: आमचं विद्यापीठ फोडलंत तर दंड. पहिल्यासाठी एक कोटी डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी पाच-पाच लाखांनी वाढत जाणारा. पॅक-१२ ने त्यावर सही केली. १२ सप्टेंबर २०२४ रोजी बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट पॅक-१२ मध्ये येत असल्याचं जाहीर झालं. त्याच महिन्यात यूटा स्टेटही आलं. पाचांचा दंड होतो साडेपाच कोटी डॉलर. लगेच पॅक-१२ ने कोर्टात दावा लावला की हे कलमच बेकायदा आहे, त्यातून स्पर्धेवर बंधन येतं.

कायद्याच्या दृष्टीने दाव्यात दम असेल. पण सप्टेंबरमध्ये कोर्टात चूक ठरवायचं कलम आदल्या वर्षी सहीच्या वेळी चालत होतं, हे शेजाऱ्याच्या गळी उतरणार नाही. मलाही ते जड जातं. ज्यांनी अडचणीत मैदान दिलं त्यांचे पाच सदस्य एका महिन्यात उचलले गेले.

तुमच्या मित्रांचं नेमकं काय गेलं तेही समजून घ्या. लॅरमीचं वायोमिंग विद्यापीठ आणि फोर्ट कॉलिन्सचं कोलोरॅडो स्टेट यांच्यात जेमतेम पासष्ट मैलांचं अंतर, आणि त्यांची लढत १८९९ पासूनची. १९६८ पासून विजेत्याला ब्राँझचा बूट मिळतो. तो खराखुरा लष्करी बूट आहे, व्हिएतनाममध्ये एका अधिकाऱ्याने वापरलेला आणि मग धातूत मढवलेला. सामन्याआधी एका विद्यापीठाचे आरओटीसी (आपल्या एनसीसीसारखं लष्करी प्रशिक्षण) छात्र चेंडू हातात घेऊन महामार्गाने धावत निघतात आणि राज्याच्या सीमेवर दुसऱ्या विद्यापीठाच्या छात्रांच्या हाती तो देतात. तिथून पुढे ते धावत तो मैदानापर्यंत नेतात. वारा असतो, कधी बर्फ असतो, पण चेंडू गाडीत ठेवला जात नाही. दोघं एका कॉन्फरन्समध्ये होते तोवर हा सामना वेळापत्रकात आपोआप यायचा. आता तो दोन्ही विद्यापीठांना दरवेळी मुद्दाम ठरवावा लागेल, आणि टीव्हीच्या सोयीपुढे असे सामने पहिल्यांदा गळतात. फ्रेझ्नो स्टेट आणि सॅन होजे स्टेट यांचंही तेच.

मग बॉइसीने जाऊ नये होतं का? असंही मी म्हणणार नाही. बॉइसी स्टेट २०२४ मध्ये बारा संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये तिसऱ्या मानांकनाने खेळलं. त्यांच्या ॲश्टन जेंटीने त्या सीझनमध्ये चेंडू घेऊन २६०१ यार्ड धावून काढले. अशा कार्यक्रमाला जास्त पैसा, जास्त चांगले प्रतिस्पर्धी हवेसे वाटणं साहजिक आहे. माझं म्हणणं एवढंच की याहून चांगला रस्ता समोर होता. २०२४ च्या उन्हाळ्यात पॅक-१२ आणि माउंटन वेस्ट यांनी पूर्ण विलीनीकरण करायला हवं होतं. चौदा संघ झाले असते. त्यातले काही टीव्हीला नको होते हे मला माहीत आहे, पण लॅरमी, रीनो, अल्बकर्की ही पश्चिमेचीच गावं आहेत.

माउंटन वेस्ट गप्प बसली नाही. लास वेगसचं यूएनएलव्ही आणि एअर फोर्स यांना पैशांचं आश्वासन देऊन थांबवून घेतलं, हवाईला पूर्ण सदस्य केलं, एल पासोचं यूटीईपी घेतलं आणि फुटबॉलपुरतं इलिनॉयमधलं नॉर्दर्न इलिनॉयही घेतलं. शिकागोच्या पश्चिमेकडचं एक विद्यापीठ 'माउंटन' नावाच्या कॉन्फरन्समध्ये होनोलुलूला जाऊन खेळणार! पॅक-१२ ने एक धक्का दिला आणि तो असा पुढे पुढे गेला.

प्रश्न: पॅक-१२ ने टेक्सस स्टेटला का घेतलं?
– एक विद्यार्थी, ऑस्टिन, टेक्सस

उत्तर: आठवा हवा होता म्हणून. सर्वोच्च स्तरावर फुटबॉल खेळायचं तर कॉन्फरन्सला आठ पूर्ण सदस्य लागतात. सदस्य कमी झाल्यावर मिळालेली दोन वर्षांची सवलत २०२६ मध्ये संपते. मेम्फिस, टुलेन, साउथ फ्लोरिडा आणि यूटीएसए या विद्यापीठांनी सप्टेंबर २०२४ मध्ये नकार दिला होता. टेक्सस स्टेटला सन बेल्ट या आपल्या जुन्या कॉन्फरन्समधून बाहेर पडायची फी ३० जून २०२५ पर्यंत पन्नास लाख डॉलर होती, १ जुलैपासून ती दुप्पट होणार होती. म्हणून निर्णय ३० जूनला. सॅन मार्कोस हे गाव सुरेख आहे, विद्यापीठ मोठं आहे, माणसं उत्साही आहेत. पण तिथून पुलमन रस्त्याने सुमारे २००० मैल आहे, आणि ही निवड नकाशा पाहून झालेली नाही. सन बेल्टने २०२२ मध्ये मार्शल, ओल्ड डोमिनियन, जेम्स मॅडिसन आणि सदर्न मिस घेऊन जवळजवळच्या गावांची कॉन्फरन्स बांधली होती. तुमच्या विद्यापीठाने त्यातून बाहेर पडताना काय सोडलं, याचा विचार तिथे कुणी केला असेल अशी आशा करते.

प्रश्न: मी वॉशिंग्टन स्टेटला एमएस करतोय. इथे आल्यापासून पाहतोय, एखादा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा खेळ चालवणारा) चांगला खेळला की पुढच्या वर्षी तो दुसरीकडे. कोच पण तसेच. मग आम्ही जीव कशाला लावायचा?
– एक विद्यार्थी, पुलमन, वॉशिंग्टन

उत्तर: तुमचं पत्र वाचून बराच वेळ उत्तर सुचलं नाही, कारण तक्रार अगदी खरी आहे. कॅम वॉर्ड तुमच्याकडे दोन वर्षं खेळला, मग मायामीला गेला, आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्यामागून जॉन मटीर उभा राहिला, तो एका सीझननंतर ओक्लाहोमाला. कोच जेक डिकर्ट २०२४ च्या डिसेंबरमध्ये वेक फॉरेस्टला गेले. त्यांच्या जागी जिमी रॉजर्स आले आणि एकच सीझन करून आयोवा स्टेटला गेले. आमच्याकडेही वेगळं नाही. आमचेच माजी क्वार्टरबॅक असलेले जोनाथन स्मिथ २०२३ मध्ये मिशिगन स्टेटला गेले, आणि तरुण क्वार्टरबॅक एडन चाइल्स त्यांच्यामागोमाग.

आधी खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर एक वर्ष बसावं लागे. ती अट गेली. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, आणि २०२५ च्या जूनमधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. बिग टेनच्या विद्यापीठाला टीव्हीतून जे मिळतं त्यात ही रक्कम निघते. पुलमनला ती कुठून काढायची? वॉशिंग्टन स्टेटने २०२५ मध्ये ॲथलेटिक्समधले उड्यांचे आणि फेकीचे प्रकार बंद केले. फुटबॉलच्या पैशाची ओढाताण अशी भालाफेक करणाऱ्या पोरापर्यंत पोचते.

खेळाडूंना पैसे मिळाले याचं मला वाईट वाटत नाही. इतकी वर्षं त्यांच्या जिवावर सगळ्यांनी कमावलं. अडचण अशी की आता लहान कॉन्फरन्सचे संघ मोठ्यांसाठी खेळाडू तयार करून देणारे झालेत आणि त्याबद्दल त्यांना काहीच मिळत नाही. युरोपातल्या सॉकरमध्ये छोट्या क्लबचा खेळाडू मोठ्या क्लबने घेतला तर छोट्याला रक्कम मिळते. इथेही तसा नियम यावा. पॅक-१२ आणि माउंटन वेस्ट यांनी एकमेकांशी भांडण्याऐवजी यासाठी एकत्र आवाज उठवला तर दोघांचं भलं होईल.

आणि जीव कशाला लावायचा, हे तुमच्या संघानेच २०२५ मध्ये दाखवलंय. ऑक्टोबरमध्ये सलग दोन शनिवारी आधी मिसिसिपीला ओल मिसशी, मग व्हर्जिनियाला. दोन्ही संघ त्या वर्षीचे नावाजलेले, आणि तुमची पोरं दोन्ही ठिकाणी शेवटपर्यंत झुंजली, एकदा तीन गुणांनी हरली, एकदा दोन. देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, ज्या वर्षी कॉन्फरन्समध्ये दोनच संघ त्या वर्षी. तो क्वार्टरबॅक पुढच्या वर्षी असेल-नसेल. त्या संध्याकाळी तो तुमचा होता.

प्रश्न: नवी पॅक-१२ टिकेल का? टिकावी म्हणून काय करायला हवं? आणि मुलांना पहिल्यांदा कॉलेज फुटबॉल दाखवायचंय, कुठला सामना घ्यावा?
– एक वाचक, पोर्टलंड, ओरेगन

उत्तर: पाच वर्षं नक्की टिकेल. सीबीएस वाहिनीबरोबरचा मुख्य टीव्ही करार २०३१ पर्यंतचा आहे, काही सामने सीडब्ल्यू आणि यूएसए नेटवर्कवर दिसतील. खरी परीक्षा त्याच सुमारास आहे. बिग टेनचा करार २०३० मध्ये संपतो, बिग १२ चा २०३१ मध्ये. म्हणजे सगळे एकाच वेळी बाजारात उभे राहणार आणि पुन्हा कुणीतरी कुणाला तरी बोलावणार. बॉइसी किंवा सॅन डिएगोला बिग १२ ने हाक मारली तर काय, हा प्रश्न आतापासून विचारायला हवा.

माझं मत स्पष्ट आहे: आकडा वाढवायच्या मागे लागू नये. पश्चिमेला याचा अनुभव आहे. १९९६ मध्ये डब्ल्यूएसी ही कॉन्फरन्स सोळा संघांची झाली, हवाईपासून ओक्लाहोमातल्या टल्सापर्यंत. कोण कुणाशी कधी खेळणार हे प्रेक्षकांना कळेनासं झालं, प्रवासाचा खर्च वाढला, आणि १९९८ मध्ये आठ विद्यापीठांनी बाहेर पडायचं ठरवलं. त्या आठांनी १९९९ मध्ये काढलेली कॉन्फरन्स म्हणजे आजची माउंटन वेस्ट. डब्ल्यूएसीचं मोठ्या स्तरावरचं फुटबॉल २०१२ नंतर बंदच पडलं. तेच चित्र आता जास्त पैशात पुन्हा काढलं जातंय. पॅक-१२ ने नववा, दहावा सदस्य घ्यायचाच असेल तर तो माउंटन वेस्टमधून, त्यांच्याशी बोलून, दंडाचं भांडण मिटवून घ्यावा. पूर्वेकडचं मोठं शहर टीव्हीसाठी म्हणून घेऊ नये.

प्लेऑफचं गणितही विसरू नका. मोठ्या चार कॉन्फरन्स (एसईसी, बिग टेन, बिग १२, एसीसी) सोडून बाकी सगळ्यांच्या विजेत्यांत मिळून जवळजवळ एकाच जागेची खात्री असते. २०२५ मध्ये टुलेन आणि जेम्स मॅडिसन असे दोघे गेले, पण तो एसीसीचा विजेता क्रमवारीत फार खाली असल्यामुळे जमलेला योग. आठ संघांतला विजेता त्या जागेसाठी दरवर्षी सन बेल्ट, अमेरिकन आणि माउंटन वेस्ट या कॉन्फरन्सशी झगडणार. त्यासाठी कॉन्फरन्सबाहेरचे सामने तगडे हवेत. ते आपल्याला घराजवळच मिळतात. कोर्व्हॅलिसहून ओरेगन विद्यापीठाचं गाव युजीन ९९डब्ल्यू रस्त्याने चाळीस-पंचेचाळीस मैल. ओरेगनविरुद्धचा हा सामना १८९४ पासूनचा, वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा ॲपल कप १९०० पासूनचा. मोठी विद्यापीठं आता न्यू जर्सीला जाऊन रटगर्सशी खेळतात, म्हणून शेजाऱ्यासाठी त्यांच्याकडे शनिवार उरत नाही असं होऊ देऊ नका. तुमच्यासारख्या ओरेगनकरांनी दोन्ही विद्यापीठांना हे पत्राने कळवावं. सेलममधल्या आमदारांनाही कळवावं, विद्यापीठं सरकारी आहेत.

हे मी का म्हणते ते सामन्याच्या दिवशी गावात आलात की कळेल. कोर्व्हॅलिस साठ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे. रीसर स्टेडियममध्ये पस्तीस हजार माणसं बसतात. सकाळपासून चर्चच्या आवारात, शेजारच्या लॉनवर गाड्या लागतात, ट्रकच्या मागच्या फळ्या उघडून लोक जेवायला बसतात, आणि नाव-गाव न विचारता पलीकडच्या संघाचे कपडे घातलेल्यालाही ताट पुढे करतात. मोटेलं, हॉटेलं, सायकलचं दुकान, सगळ्यांची वर्षाची कमाई या सहा-सात शनिवारांवर टेकलेली असते. पलीकडचे लोक गाडीने येऊ शकले तरच हे होतं. २०२५ मध्ये ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एकमेकांशी एका महिन्यात दोनदा खेळले, १ नोव्हेंबरला इथे आणि २९ ला पुलमनला, कारण दुसरं कुणी नव्हतं. पुलमनहून सात तास गाडी चालवून आलेली माणसं होती. यूटा स्टेटच्या लोगनहून किंवा बॉइसीहून आलेली माणसंही मला इथे पाहायची आहेत.

मुलांसाठी म्हणाल तर पहिला सामना बॉइसी स्टेट किंवा वॉशिंग्टन स्टेटविरुद्धचा घ्या, जो कोर्व्हॅलिसला असेल तो. वेळापत्रक पाहून सप्टेंबर-ऑक्टोबरमधला निवडा. नोव्हेंबरचा घेतलात तर रेनकोट आणि कोरडे मोजे बरोबर ठेवा. पोर्टलंडहून आय-५ ने दीड तास लागतो, पण त्या दिवशी अडीच धरा. स्टेडियमची पश्चिमेची बाजू २०२३ मध्ये नव्याने बांधून झाली आहे. लहान मुलं असतील तर तिथली तिकिटं सोयीची पडतात. समोर बॉइसी असेल, तर तिकिटं उन्हाळ्यातच काढून ठेवा.